गाडीतली मॅट: झाकायला की उचलायला?

वारज्याच्या एक वाचक लिहितात: मे महिन्यात नवी गाडी घेतली. पाच सीटर, मॅन्युअल गिअर. रोज हिंजवडीला जाणं-येणं आहे आणि लावणीच्या दिवसांत दर शनिवार-रविवार मुळशीला सासऱ्यांच्या भातशेतीवर. जुन्या गाडीला दर पावसाळ्यात इतका कुबट वास यायचा की पाहुण्यांना बसवायची लाज वाटायची. म्हणून या वेळी चांगल्या 'ऑल-वेदर' मॅट घ्यायच्या ठरवल्या, तर घरात तीन मतं. मिस्टर म्हणतात, शोरूमवाला सांगतोय तसं ७डी मॅट आणि खाली सगळ्या फ्लोअरला लॅमिनेशन करून टाकू, थेंबही आत जाणार नाही. सासरे म्हणतात, जुन्या गाडीच्या रबरी मॅट धडधाकट आहेत, त्याच कंपनीच्या कार्पेट मॅटवर टाका, फुकटचे पैसे कशाला? मुलगा मोबाइलवर टीपीईचे, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचे, ट्रे दाखवतो. बजेट आठ हजार. 'सगळ्यात जाड आणि सगळ्यात जास्त झाकणारी मॅट कोणती, तेवढं सांगा,' असं त्यांनी विचारलं आहे.

मॅटकडे वळण्याआधी त्या वासाचं बघू. तो कुठून येत होता हे कळलं नाही, तर नव्या गाडीतही येईल, मॅट कुठलीही टाका.

गाडीच्या फ्लोअरवर दिसतं ते कार्पेट तसं पातळ असतं. त्याच्या खाली फोमचा किंवा फेल्टचा जाड थर असतो, आवाज आणि उष्णता अडवायला. त्याखाली पत्रा, आणि पत्र्याच्या कडेकडेने वायरिंगचे जुडगे. बुटातून निथळलेलं पाणी वरच्या कार्पेटवरून दोन-तीन तासांत सुकल्यासारखं दिसतं, पण खालचा फोम ते स्पंजासारखं धरून बसतो. काचा बंद करून उभ्या असलेल्या गाडीत तो आठवडेच्या आठवडे ओला राहू शकतो. बुरशी धरते ती तिथे. वरून परफ्यूम टांगून, कार्पेटवर शाम्पू मारून काही होत नाही; शाम्पूचं पाणीही त्याच फोमात जातं. खात्री करायची असेल तर मॅट काढा, कार्पेटवर टिश्यू पेपरची घडी ठेवा आणि त्यावर टाच रोवून अर्धा मिनिट पूर्ण वजन टाका. टिश्यू ओला आला की खाली पाणी आहे, वरून कार्पेट कितीही कोरडं लागो.

हे पाणी नेहमी पायांतूनच येतं असंही नाही. जुन्या गाडीत डाव्या सीटच्या पायाशी जास्त ओल असायची का, आठवून बघा. असेल, तर पहिला संशय एसीच्या ड्रेन पाइपवर घ्यायचा. दमट हवेत एसी चालू ठेवला की दहा-पंधरा मिनिटांत गाडीखाली पाणी थेंब-थेंब टपकायला लागतं. ते टपकत नसेल तर पाइप धुळीने तुंबलेला असतो आणि तेच पाणी आत पायाशी उतरतं. हे पाणी स्वच्छ असतं. चिकट, गोडसर वासाचं, हिरवट किंवा गुलाबी पाणी असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. मग थेट गॅरेज गाठायचं. तिसरी जागा वायपरच्या खालची जाळी. सोसायटीत गाडी गुलमोहराखाली उभी असेल तर त्याची बारीक पानं त्या जाळीतून आत जाऊन पाण्याची वाट बुजवतात, आणि मोठ्या पावसात पाणी केबिनमध्ये शिरतं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्याही अशाच तुंबतात. नव्या गाडीतही ही जाळी दर पावसाळ्याआधी आणि मध्ये एकदा हाताने साफ करा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता 'ऑल-वेदर' या शब्दाबद्दल. तो आला बर्फाच्या देशांतून. तिथे बुटाला चिकटून बर्फ आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ आत येतं, ते वितळतं, आणि ते खारट पाणी पत्र्यापर्यंत जाऊ नये म्हणून उंच काठाचे ट्रे निघाले. आपल्याकडे चार महिने पाणी-चिखल आणि उरलेले आठ महिने धूळ आणि ऊन. त्यातही पुण्यात शिवाजीनगरला वर्षभरात पडतो साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, आणि तुम्ही जाता त्या मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला त्याच्या कित्येक पट. म्हणजे तुमची गाडी आठवड्याचे पाच दिवस एका हवामानात आणि दोन दिवस दुसऱ्याच हवामानात असते. खाचरातून आलेल्या पायाला येतो तो चिखल शहरातल्यासारखा पातळ नसतो. लोण्यासारखा चिकट, वाळला की ढेकूळ, आणि ते ढेकूळ पायाखाली फुटलं की तांबडी पूड गाडीभर.

यावरून मॅटचं काम ठरतं. पाणी गाडीत येणारच, कारण तुम्ही त्याच्यासकट आत बसता. मॅटने ते धरून ठेवायचं आणि तुम्ही मॅटसकट ते बाहेर नेऊन ओतायचं. 'सगळ्यात जास्त झाकणारी' मॅट हवी असं म्हणताना हा दुसरा अर्धा भाग सुटतो. घट्ट बसवलेली, सीटखाली आणि दाराच्या पट्टीखाली खोचलेली मॅट शनिवारी रात्री नऊ वाजता पार्किंगमध्ये उभं राहून कोण काढणार? कुणी काढत नाही. जी मॅट एका हाताने, सीट न हलवता, न सांडता बाहेर येते तीच तुमच्यासाठी खरी ऑल-वेदर.

या कसोटीवर मिस्टरांची ७डी मॅट बघा. ती दिसते छान, पायाला मऊ लागते, बाजूच्या भिंतींपर्यंत वर चढते, गाडीला एकदम भारी रूप देते. यात खोटं काही नाही. रचना अशी: वर रेक्झिनसारखं लेदरेट, मध्ये फोम, खाली कापडी अस्तर, कडेने शिलाई, आणि बऱ्याच सेटमध्ये वरून काढता येणारं 'गवत', म्हणजे नूडलसारख्या कुरळ्या पीव्हीसीचा तुकडा. पाणी मुख्यतः दोन ठिकाणी शिरतं. एक शिलाईच्या भोकांतून, दुसरं दाराकडच्या कडेवरून, जिथे चढता-उतरताना बूट घासून मॅट हळूहळू भिंतीपासून सुटते. एकदा पाणी फोमात किंवा मॅटखाली गेलं की वरचं लेदरेट झाकणासारखं काम करतं, वाफ बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे जुन्या गाडीचा वास तुम्ही पैसे देऊन परत आणला. काठ उंच असल्याने म्हाताऱ्या माणसांची चप्पल त्यात अडकते, हेही सासऱ्यांना मागे बसवताना ध्यानात ठेवा. ज्यांची गाडी बेसमेंटमधून निघते आणि ऑफिसच्या बेसमेंटमध्येच जाऊन थांबते, त्यांनी ७डी खुशाल घ्यावी.

लॅमिनेशनला मात्र सरळ नाही म्हणा. त्यासाठी सीट उतरवतात आणि मूळ कार्पेटवर व्हिनाइलची शीट चिकटवतात किंवा ताणून बसवतात. वरून पुसायला सोपं, हे खरं. पण एसीचं, जाळीचं किंवा दाराच्या रबरातून आलेलं पाणी त्याच्या खालून येतं, आणि तेव्हा ते तुम्हाला दिसतही नाही आणि वाळतही नाही. कळतं तेव्हा फ्लोअरचा पत्रा गंजायला लागलेला असतो. दुसरी गोष्ट वायरिंगची. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतात ते बहुधा एअरबॅग आणि सीटबेल्टच्या वायरिंगचे. घाईत सीट उतरवताना ते ओढले गेले, नीट बसले नाहीत, की मीटरवर एअरबॅगचा दिवा लागतो. नव्याकोऱ्या गाडीत वॉरंटीवरून वाद घालायची वेळ कशाला आणायची? आणि शोरूमने 'पॅकेज घ्यावंच लागेल' असं म्हटलं असेल, तर अ‍ॅक्सेसरीजची सक्ती नसते. प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लिहून मागा; बहुतेक वेळा तिथेच निम्मी यादी गळते.

सुट्या गवताच्या मॅट, ज्या हजार-दीड हजारात सिग्नलजवळच्या दुकानांतही लटकलेल्या असतात, त्या कोरड्या धुळीला उत्तम. धूळ आत बसते, बुटाला परत लागत नाही. पण भाताच्या चिखलाला त्या कामाच्या नाहीत. गाळ कुरळ्यांत अडकतो, पाइपाच्या जोराशिवाय निघत नाही, आणि वाळायला पावसाळ्यात दोन दिवस. ईव्हीएच्या (चपलेच्या तळासारख्या फोमच्या), मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खळग्यांच्या मॅट हलक्या असतात, पाणी खळग्यांत बऱ्यापैकी धरतात. फक्त टाचेखाली लवकर झिजतात. मापात कापलेल्या साध्या रबरी मॅट आजही वाईट नाहीत, फक्त त्यांना काठ बेताचा असतो आणि स्वस्तातल्या रबराला उन्हात वास येतो.

तुमच्या मुलाने बरोबर बोट ठेवलं आहे. तुमच्या वापराला टीपीईचे साच्यातले ट्रे. पाच सीटचा बरा सेट साधारण तीन ते पाच हजारांत येतो, म्हणजे बजेटमधून पैसे उरतील. काठ सगळीकडून किमान दोन सेंटिमीटर उभा हवा, दाराच्या बाजूलासुद्धा. काही ट्रे तिथेच काठ उतरता ठेवतात आणि चिखल नेमका तिथून बाहेर येतो. मधली नक्षी खोल हवी, म्हणजे बूट उंचवट्यांवर राहतो आणि पाणी खालच्या चरांत. साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरच्या सपाट ट्रेमध्ये एक सेंटिमीटर पाणी म्हणजे २.७ लिटर, हे ऐकायला भरपूर वाटतं. पण ड्रायव्हरच्या पायाशी फ्लोअर पुढे वर चढत जातो, त्यामुळे सगळं पाणी मागे टाचेखाली गोळा होतं आणि तिथला काठ बुटका असेल तर सीटखाली सांडतं. म्हणून दुकानात ट्रे हातात घेतलात की पहिल्यांदा मागचा, सीटकडचा काठ बघा.

टीपीई म्हणून पीव्हीसी विकणारे आहेतच. कोपरा दुमडून सोडा. टीपीई परत जागेवर येतं, हलक्या पीव्हीसीवर घडीची खूण उरते. नाकाजवळ धरा. झोंबणारा वास आला तर मे महिन्यात बंद गाडीत तो दसपट येईल, आणि त्याचाच चिकट धूसर थर समोरच्या काचेला आतून बसतो. या दोन्ही परीक्षा शंभर टक्के नाहीत, पण वाईट माल त्यात सहसा पकडला जातो. ट्रे खोक्यात दुमडून आले असतील तर कोपरे उचललेले असतात. गच्चीवर उन्हात सपाट पसरून तासभर ठेवा, सरळ होतात. तसेच गाडीत टाकू नका.

माप म्हणजे गाडीचं नुसतं नाव नव्हे. वर्ष, फेसलिफ्टच्या (त्याच मॉडेलच्या रूपबदलाच्या) आधीची की नंतरची, मागे एसीचे व्हेंट आहेत का, मॅन्युअल की ऑटोमॅटिक, हे सगळं सांगा. ऑटोमॅटिकच्या ट्रेमध्ये क्लचच्या जागेचा आकार वेगळा असू शकतो. ऑनलाइन घेताना फोटोत स्टिअरिंग कुठल्या बाजूचं आहे ते बघा. बाहेरच्या देशांसाठीचे डाव्या स्टिअरिंगचे साचे इकडे येतात आणि ड्रायव्हरची मॅट डाव्या सीटला बसते. नाना पेठेत, गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत, गाडी घेऊन जाणं शक्य असेल तर उत्तम. ड्रायव्हरची मॅट तिथेच टाकून बघा आणि मगच पैसे द्या. पार्किंग मिळणार नाही, हा पेठेचा नियम गृहीत धरून सकाळी दुकानं उघडतानाच जा.

आता सासऱ्यांच्या सूचनेकडे. त्यांची काटकसर समजते, पण मॅटवर मॅट ही या तिन्ही सूचनांतली सगळ्यात धोकादायक गोष्ट आहे. २८ ऑगस्ट २००९ला अमेरिकेत सॅन डिएगोजवळ लेक्सस ईएस ३५० गाडीचं अ‍ॅक्सिलरेटर दाबलेल्या अवस्थेत अडकलं आणि गाडीतले चौघेही गेले. गाडीत दुसऱ्या मॉडेलची रबरी ऑल-वेदर मॅट टाकलेली होती, आणि पेडल तिच्यात अडकलं होतं. त्यानंतर टोयोटाने त्याच वर्षी अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी मॅट-पेडलचा रिकॉल काढला, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या. दुसऱ्या गाडीची मॅट, तीही कार्पेट मॅटच्या वर, हुकात न अडकवलेली: सासरे सुचवतात ते जवळपास हेच. मागच्या सीटला हरकत कमी, ड्रायव्हरच्या बाजूला कदापि नाही.

ड्रायव्हरच्या पायाशी फ्लोअरला एक किंवा दोन हुक असतात. कंपनीची मॅट काढा, नवीन ट्रेची भोकं त्याच हुकांवर बरोबर यायला हवीत. 'भोक पाडून देतो' म्हणणाऱ्याचा ट्रे मुळात त्या गाडीचा नाही. हुक लागला की गाडी उभी, इंजिन बंद, हँडब्रेक वर, आणि मोबाइलचा टॉर्च खाली धरून ही तपासणी करा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण खाली दाबा आणि हळू सोडा. ट्रेच्या काठाला कुठेही टेकता कामा नये, मध्ये निदान एक बोट जागा हवी. काही गाड्यांत हे पेडल वरून लटकत नाही, खाली फ्लोअरला बिजागरीवर असतं; तिथे ट्रेला पेडलभोवती खाच हवीच. क्लच तळापर्यंत जातो का बघा. ट्रेचा काठ क्लचखाली आला तर तो पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो, आणि लोक गिअरबॉक्सला दोष देत बसतात. मग टाचेने ट्रे पुढे रेटायचा प्रयत्न करा, जितका जोर लावता येईल तितका, आणि तिन्ही पेडल पुन्हा दाबून बघा. हेच एकदा गमबूट घालून करा, कारण शेतावरून येताना तुमच्या किंवा मिस्टरांच्या पायात तेच असणार. गमबुटाचा रुंद तळवा अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबतो असं वाटलं, तर गाडी चालवायला साधे बूट वेगळे ठेवा.

चालत्या गाडीत रेस अडकलीच कधी, तर खाली वाकून मॅट ओढायला जायचं नाही. क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबायचे, गिअर न्यूट्रल करायचा, कडेला येऊन मग इंजिन बंद. हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा.

रोजच्या देखभालीत फारसं काही नाही. हिंजवडीच्या दिवशी संध्याकाळी ट्रे बघितला, पाणी असेल तर ओतलं, झालं. शेतावरून आल्यावर चिखल ओला असताना पाइपाने धुतला तर दोन मिनिटं, वाळू दिला तर अर्धा तास. कपडे धुण्याचा साबण नको, गाडीचा शाम्पू आणि मऊ ब्रश. खालची बाजू पुसून कोरडी केल्याशिवाय परत टाकू नका. पावसाळ्यात वास येण्याचं हेही एक कारण आहे. आणि वॉशिंग सेंटरला गाडी दिलीत तर पोराला आधीच सांगा: मॅटला पॉलिश मारू नकोस. डॅशबोर्ड चकचकीत करायचं सिलिकॉन तो हौसेने मॅटवरही फासतो. मॅट नव्यासारखी दिसते आणि ओला बूट तिच्यावरून ब्रेकवर जाताना सटकतो.

तरीही कार्पेट भिजलंच, दार उघडं राहून किंवा बाटली सांडून, तर मॅट काढून एसी चालू ठेवा, तापमान गरमकडे, हवा पायाशी, आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण. एसी हवेतला दमटपणा काढतो, गरम हवा फोम सुकवते. वीस-पंचवीस मिनिटं, मोकळ्या जागेत. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. मध्ये टॉवेल दाबून दाबून पाणी टिपा. दुसऱ्या दिवशी टिश्यूची परीक्षा परत. तरीही ओला निघाला तर दाराजवळची प्लास्टिकची पट्टी काढून कार्पेटची कड उचलावी लागते, ते सर्व्हिस सेंटरकडून करून घ्या.

कंपनीच्या कार्पेट मॅट धुऊन, वाळवून, सपाट ठेवून द्या. दिवाळीनंतर टाकायला कामाला येतील. आणि सासऱ्यांच्या रबरी मॅट डिकीत अंथरा. भाताच्या रोपांच्या मुठी, कुदळ, गमबूट सगळं त्यांच्यावर. त्यांना सांगा, तुमच्या मॅट वापरल्या. डिकीत पेडल नसतं.